बाकांची रांग आणि वर्गाचा आकार : तंजावरच्या भूमीवरील एक जुना प्रश्न

तमिळनाडूच्या शालेय शिक्षण विभागाने जुलै २०२५ मध्ये शाळांना एक सूचना पाठविली. वर्गातील बाके एकामागे एक न मांडता तमिळ लिपीतील 'प' या अक्षराच्या आकारात मांडावीत, असा तिचा आशय होता. हे अक्षर तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडे असते. तीन भिंतींलगत विद्यार्थी, मधली जागा मोकळी आणि उघड्या बाजूला फळा, अशी ही रचना. मागच्या बाकावरील विद्यार्थी ही जातच नाहीशी व्हावी, प्रत्येक मुलाला शिक्षकाचा आणि परस्परांचा चेहरा दिसावा, हा तिच्यामागील हेतू होता. या कल्पनेला निमित्त झाला तो 'स्थानार्थी श्रीकुट्टन' हा २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला मल्याळम चित्रपट. त्यातील वर्गरचना पाहून केरळातील काही शाळांनी बाके हलविली होती.

सूचना बाहेर पडताच वाद सुरू झाला. तासन्‌तास मान एका बाजूला वळवून बसल्यास मुलांच्या मानेवर ताण येईल, कडेला बसलेल्यांना फळा तिरका दिसेल, असे आक्षेप डॉक्टरांनी घेतले. शिक्षकांचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. मुले जास्त आणि खोली लहान असेल, तर हा 'प' बसवायचा कसा? अखेर सूचनेची अंमलबजावणी तात्पुरती थांबविण्यात आली.

शिक्षकांच्या या प्रश्नाचे उत्तर साध्या अंकगणितात मिळते. वीस फूट लांब आणि वीस फूट रुंद खोली घेतली, तर तीन भिंतींची लांबी साठ फूट भरते. एका मुलाला दोन फूट जागा धरली, तर कागदावर तीस मुले बसतात. परंतु दोन कोपरे वाया जातात, दारासमोरची जागा सोडावी लागते, कपाट कोठेतरी असतेच. प्रत्यक्षात पंचवीस मुले बसली तरी पुष्कळ झाले. वर्गात चाळीस मुले असतील, तर पंधरा जणांसाठी 'प'च्या आत दुसरा 'प' मांडावा लागतो. भिंतीकडची मुले मग पुन्हा कोणाच्या तरी पाठीमागे बसतात, म्हणजे जो मागचा बाक घालवायचा होता तो तीन बाजूंनी परत येतो.

वर्गाची रचना ही बाके सरकविण्याची बाब नसून खोलीचे क्षेत्रफळ, दारे, खिडक्या, छप्पर आणि शिक्षकांची संख्या यांच्याशी जखडलेली बाब आहे, हे या प्रकरणातून पुढे आले. कावेरीच्या मुखाकडील तंजावर जिल्ह्यात हा विषय इतरत्रापेक्षा अधिक गंभीरपणे घेतला जातो. त्याला कारण आहे.

कुंभकोणमची आग

दि. १६ जुलै २००४ रोजी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथील एका खाजगी अनुदानित शाळेच्या इमारतीस आग लागली आणि तीत ९४ बालकांचा होरपळून मृत्यू झाला. मध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक चालू असलेल्या खोलीत ठिणगी पडली. वरच्या मजल्यावरील वर्गांवर शाकारलेले छप्पर होते. ते पेटले आणि मुलांच्या अंगावर कोसळले. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा भरत होत्या, खाली उतरण्याचा जिना अरुंद होता. मृतांमध्ये बहुसंख्य मुले प्राथमिक वर्गांतील होती.

या दुर्घटनेच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती के. संपत यांचा आयोग नेमण्यात आला. राज्यातील शाळांची शाकारलेली छपरे उतरविण्याचे आदेश निघाले. तंजावरच्या न्यायालयाने दहा वर्षांनी, जुलै २०१४ मध्ये, दहा जणांना दोषी ठरविले आणि अकरा जणांना निर्दोष सोडले. पुढे उच्च न्यायालयात या शिक्षांमध्ये बदल झाले. धोरणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००९ मधील निर्णय. अविनाश मेहरोत्रा यांच्या याचिकेवर न्यायालयाने असे म्हटले, की शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित इमारतीत शिकण्याचा हक्क अंतर्भूत आहे. त्या याचिकेचे मूळ कुंभकोणमच्या आगीतच होते.

मात्र त्याच वर्षी संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचली, तर एक उणीव नजरेत भरते. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हवी, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी, अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण हवे, असे तीत नमूद आहे. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही आहे. परंतु वर्गखोली किती मोठी असावी, एका मुलाच्या वाट्याला किती जागा यावी, याबाबत अनुसूची मौन पाळते. कायद्याने खोल्या मोजल्या, मुलाची जागा मोजली नाही. गटात बसून शिकणारे मूल रांगेत बसलेल्या मुलापेक्षा अधिक जागा व्यापते, ही गोष्ट इमारतीचा आराखडा मंजूर करणाऱ्या कोणत्याही कार्यालयाच्या फुटपट्टीवर उमटत नाही.

ओसरीवरची शाळा

सहकार्याने शिकणे ही बाहेरून आलेली नवी कल्पना आहे, अशा समजुतीने बहुतेक परिपत्रके लिहिली जातात. तंजावरचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. तमिळ प्रदेशात गावशाळा भरत असे ती घरापुढच्या ओसरीवर, तमिळ भाषेत तिण्णैवर. या शाळेला ना बाके होती, ना फळा. लहान मुले वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे गिरवीत. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेत धुळपाटी होती, तिचीच ही दक्षिणेकडील बहीण. गुरुजी एक, मुले निरनिराळ्या वयांची, आणि त्यांतील हुशार मुलगा इतरांचा पाठ घेई. त्याला चट्टांपिळ्ळै म्हणत. मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये सुरू केलेल्या पाहणीत एकट्या तंजावर जिल्ह्यात अशा ८८४ शाळांची नोंद झाली.

मद्रासमधील एग्मोर येथे सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या अनाथाश्रमाचे प्रमुख डॉ. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच एका शाळेत वाळूवर लिहिणारी मुले पाहिली. आपल्या शिक्षकांचा विरोध होत असताना त्यांनी एका मोठ्या मुलाकडे लहानांना शिकविण्याचे काम सोपविले. प्रयोग यशस्वी झाला. त्यांनी १७९७ मध्ये लंडनला त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि 'मद्रास पद्धती' या नावाने ती युरोपभर गेली.

पुढे जे घडले ते वर्गरचनेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे असे आहे. बेल यांचे प्रतिस्पर्धी जोसेफ लँकेस्टर यांनी हीच कल्पना लंडनमधील मोठ्या दिवाणखान्यात नेली. शेकडो मुले, समोर एक उंच चौथरा, त्यावर एक शिक्षक आणि चौथऱ्याकडे तोंड करून लांबच लांब बाकांच्या रांगा. प्रत्येक रांगेला एक मॉनिटर. कल्पना मूळचीच होती, मुलांनी मुलांना शिकवावे हीच. पण ओसरीवर ती संवाद होती, दिवाणखान्यात ती कवायत झाली. जागेने पद्धत बदलली. बाके गोल मांडली की शिक्षण आपोआप गोल होते असे मानणाऱ्यांना आणि जागेला काहीच महत्त्व नाही असे मानणाऱ्यांना, दोघांनाही हे उदाहरण अडचणीचे आहे.

याच काळात तंजावरच्या मराठा गादीवर दुसरे सरफोजी राजे भोसले होते. त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. राज्यकारभार १७९९ च्या तहाने इंग्रजांकडे गेला होता, राजाकडे उरली ती विद्या. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या सरफोजींचे तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीतील शाळांशी निकटचे संबंध होते. त्यांनी 'नवविद्या कलानिधी' शाळा काढली, जीत वेदशास्त्रांबरोबर भाषा, शास्त्रे आणि कला शिकविल्या जात. देवनागरी छापखाना उभारला आणि १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापविले. मुंबईत मराठी इसापनीती निघण्यापूर्वी सुमारे दोन दशके हे पुस्तक कावेरीकाठी तयार झाले होते.

सरफोजींच्या नावावर असलेले 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नृत्यनाट्य या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. कुरवंजी हा दक्षिणेतील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री येते आणि ज्या ज्या देशांतून ती फिरली त्यांचे वर्णन करते. सरफोजींच्या नाट्यात ही स्त्री तत्कालीन युरोपीय भूगोलानुसार जगाचे खंड आणि देश सांगते. म्हणजे भूगोलाचा धडा नाचून, गाऊन, अनेकांनी मिळून सादर करावयाचा. यास आजच्या परिभाषेत जे नाव देतात ते तेव्हा नव्हते, एवढेच.

तंजावर मराठ्यांच्या छत्रांचाही येथे उल्लेख करावयास हवा. यात्रेकरूंसाठी बांधलेली ही अन्नछत्रे शाळाही चालवीत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांतील प्रसिद्ध. छत्रांत गुरुजी असतात, अनाथ मुलांना अन्न आणि विद्या दोन्ही मिळतात, असे सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना कळविले होते. एका छपराखाली जेवण आणि पाठ ही व्यवस्था शंभर टक्के निर्धोक नसते, हे दोन शतकांनी कुंभकोणमने दाखविले. छत्राला मात्र मोकळा चौक असे, आणि धूर निघून जाण्यास आभाळ.

ओसरीवरच्या शाळेचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ज्या जातींना त्या ओसरीवर पाय ठेवण्याची मुभा नव्हती, त्यांच्या मुलांसाठी हे सहकार्य अस्तित्वातच नव्हते.

चटईवरचे वर्ग

कुंभकोणमच्या आगीपूर्वी एक वर्ष, २००३ मध्ये, चेन्नई महापालिकेच्या तेरा शाळांत एक प्रयोग सुरू झाला. महापालिकेचे तत्कालीन आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी आंध्र प्रदेशातील ऋषिव्हॅली येथे ग्रामीण शाळांसाठी विकसित झालेली पद्धत पाहिली होती. तिच्यावर आधारलेली ही 'कृतियुक्त अध्ययन' पद्धती २००७-०८ पर्यंत संपूर्ण राज्यातील सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत, तंजावर जिल्ह्यासह, पोहोचली.

या पद्धतीने प्रथम हात घातला तो खोलीला. बाके बाहेर गेली. मुले आणि शिक्षक दोघेही जमिनीवर, चटईवर आले. शिक्षकाच्या उंचीचा एकच फळा पुरेसा न मानता भिंतीच्या खालच्या भागात, मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर, चहूबाजूंनी काळा पट्टा रंगविण्यात आला. प्रत्येक मुलास त्यातील आपला तुकडा मिळाला. डोक्यावर दोऱ्या बांधून त्यांवर मुलांची चित्रे आणि लेखन टांगले गेले. अभ्यासक्रम पायऱ्यांच्या शिडीत मांडून प्रत्येक पायरीला चित्रखूण देण्यात आली. मुलाने शिडी पाहावी, आपली पायरी ओळखावी, त्या खुणेचे कार्ड उचलावे आणि कार्ड सांगेल त्या गटात जाऊन बसावे. काही गट शिक्षकासोबत, काही मित्रांच्या मदतीने, काही स्वतंत्र. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत मिसळून बसू लागली. हजेरीही मुले स्वतःच नोंदवीत.

एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असणे हे ग्रामीण शाळेचे कायमचे दुखणे. ते दूर करण्याऐवजी त्यालाच पद्धतीचा पाया करणे, हे या प्रयोगाचे खरे बळ होते. त्याला खर्चही बेताचा आला. रंग, चटया, कार्डे आणि दोऱ्या यांना बांधकाम खात्याची निविदा लागत नाही.

मर्यादाही लवकरच दिसल्या. शिडी ठरलेली, कार्ड ठरलेले, खूण ठरलेली. तेव्हा शिक्षकाने स्वतःचे काय शिकवावयाचे, असा प्रश्न शिक्षक विचारू लागले. पालकांची अस्वस्थता वेगळी होती. शेजारच्या खाजगी इंग्रजी शाळेत मुले बाकावर बसतात, आपली जमिनीवर. गरिबाच्या घरी जमिनीवर बसणे ही सवय असते, पण शाळेत बाक हा प्रतिष्ठेचा पुरावा असतो. शिक्षणतज्ज्ञांना चटईत समानता दिसली, अनेक पालकांना तीत दारिद्र्य दिसले. पुढील दशकात या पद्धतीचे स्वरूप हळूहळू बदलत आणि सैल होत गेले.

कोविडच्या साथीनंतर, जून २०२२ मध्ये, पहिली ते तिसरीसाठी 'एण्णुम् एळुत्तुम्' म्हणजे अंक आणि अक्षर ही योजना आली. तीत मुलांच्या पातळ्यांना अंकुर, कळी, फूल अशा अर्थाची नावे आहेत, आणि वर्गात गाणी, गोष्टी, वाचन, कळसूत्री बाहुल्या यांसाठी वेगवेगळे कोपरे कल्पिलेले आहेत. चटईवरच्या वर्गाचा हा वारसा म्हणता येईल. त्याच सुमारास शाळांत 'स्मार्ट क्लासरूम' आणि मोठे पडदेही येऊ लागले. यातील विसंगती फारशी कोणी बोलून दाखवीत नाही. कोपरे मुलांना चार दिशांना वळवितात, पडदा सगळ्यांची तोंडे पुन्हा एकाच भिंतीकडे करतो. लँकेस्टरचा चौथरा विजेवर चालू लागला, असेही कोणी म्हणू शकेल.

शेजारी कोण बसेल

तमिळनाडूत बसण्याच्या जागेचा प्रश्न मानेच्या दुखण्यापेक्षा खोल आहे. तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतील मुलांनी घरात शिरून हल्ला केला. त्यानंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू समितीने जून २०२४ मध्ये अहवाल दिला. जातिदर्शक रंगीत मनगटपट्ट्यांवर बंदी घालावी, या शिफारशीबरोबर आणखी एक साधी वाटणारी शिफारस त्यात होती. विद्यार्थ्यांना नावाच्या आद्याक्षरानुसार बसवावे.

कारण उघड आहे. मुलांना मनाप्रमाणे बसू दिले तर ती गल्लीप्रमाणे बसतात, आणि गल्ली जातीप्रमाणे असते. सहकारी अध्ययनाचे समर्थकही सामान्यतः गट मुलांच्या मर्जीवर न सोडता शिक्षकाने पाडावेत असे सुचवितात. समितीच्या शिफारशीचा रोखही त्याच दिशेचा आहे. गोलाकार वर्गात प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो हे खरे, परंतु कोण कोणाशेजारी बसण्याचे टाळतो हेही तितकेच स्वच्छ दिसते. गट शिक्षकाने पाडावेत आणि ठरावीक दिवसांनी मोडावेत, एवढी तरी काळजी 'प' आकाराच्या सूचनेत घ्यावयास हवी होती. सूचनेची चर्चा मात्र दृष्टिकोन आणि मान यांच्यातच अडकली.

महाराष्ट्रालाही हा अनुभव निराळ्या रूपात आलेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालविल्या. गुरे राखणारे मूल शाळेत येत नसेल तर शाळेने कुरणात जावे, हा त्यामागील विचार. तेथे वर्गाचा आकार मुलाच्या कामाने ठरविला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी वर्ग उभे राहिले, तेव्हा ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षकांची रीघ लागली. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि गावोगावी शाळांच्या फरशा आकृत्यांनी रंगल्या. काही ठिकाणी फरशीवर मुले खेळून शिकली. काही ठिकाणी फरशी रंगविणे म्हणजेच रचनावाद, अशी समजूत झाली आणि रंग वाळल्यावर पूर्वीचाच तास सुरू झाला.

तंजावरपुढील प्रश्न आता विटा आणि पैशांचा आहे. तिरुनेलवेलीतील एका शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये स्वच्छतागृहाची भिंत कोसळून तीन विद्यार्थी दगावले. त्यानंतर राज्यभर मोडकळीस आलेल्या शालेय इमारती पाडण्याची मोहीम निघाली. जुने पाडले, पण त्याजागी नवे उभे राहीपर्यंत मुलांनी बसावयाचे कोठे, हा प्रश्न उरला. राज्याच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात शाळा इमारतींसाठी प्राध्यापक अन्बळगन यांच्या नावाने पाच वर्षांत सात हजार कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. दुसरीकडे समग्र शिक्षा योजनेचा आपला हिस्सा केंद्राने रोखल्याची तक्रार घेऊन राज्य सरकार २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले.

नवी वर्गखोली एकदा बांधली की ती चाळीस-पन्नास वर्षे तशीच राहते. परिपत्रके त्या अवधीत दहा वेळा बदलतात. म्हणून खरा निर्णय बाकांच्या मांडणीत नसून आराखड्यात होतो. कावेरी खोऱ्यात हा आराखडा तीन गोष्टींनी बांधलेला आहे. पहिली उन्हाळा. शाकारलेले छप्पर पेटते म्हणून उतरविले हे योग्यच झाले, पण त्याऐवजी पत्रा घातला तर एप्रिलच्या दुपारी त्याखाली गट करून बसणे मुलांना असह्य होते. दुसरी गोष्ट ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळे. नोव्हेंबर २०१८ च्या 'गज' वादळाने पट्टुकोट्टै आणि ओरत्तनाडू भागातील नारळीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी शाळा हाच गावाचा आसरा असतो, त्यामुळे छप्पर पक्के हवे आणि जोतेही उंच हवे. तिसरी गोष्ट बाहेर पडण्याचा मार्ग. भिंतीलगत तीन बाजूंनी बाके लावावयाची असतील, तर दुसरे दार त्या बाकांमागे झाकले जाणार नाही अशा जागी काढावे लागते, आणि दारे बाहेरच्या बाजूस उघडावी लागतात.

रुंद ओसरी या तिन्ही अटी बऱ्याच अंशी पुऱ्या करते. ती भिंतीवर ऊन पडू देत नाही, पाऊस दारापासून दूर ठेवते, आणीबाणीत मुलांना लगेच मोकळ्यावर आणते आणि एरवी एका गटाला बसण्यास जागा देते. वर्गातील चाळीसपैकी पंधरा मुले ओसरीवर बसू शकली, तर आत उरलेल्या पंचवीस जणांचा 'प' वीस फुटी खोलीतही मांडता येतो. अडचण एवढीच, की कायद्याच्या अनुसूचीत वर्गखोली मोजली जाते. ओसरीचे क्षेत्रफळ कोठेच धरले जात नाही, आणि खर्चात कपात करावयाची वेळ आली की पहिली काट तिच्यावरच पडते.